दहा नंबरचा शंकू

दातवाल्याने माझी दाढ उपटायला नेमका शुक्रवार काढला. शुक्रवारी आमच्या कुंभारकाम मंडळाची भट्टी भरतात हे अख्ख्या बनडिरी गावाला माहीत आहे. त्यालाही आहे, त्याची बायकोच आमच्याकडे कप करायला येते. पण नाही. "शुक्रवार नको असेल नोला, तर मग पुढचा महिना." ठणका सोसवेना म्हणून गेले. सुजलेला गाल धरून शेडवर पोचले, तर भट्टीचं दार विटांनी बंद करून झालेलं, फटी मातीने लिंपून झालेल्या, आणि मंडळातला वॉरिक हात पुसत माझ्याकडे बघून असा काही हसला, की तोंड नीट उघडत असतं तर तिथेच दोन शब्द सुनावले असते.

"सगळं आटपलं," तो म्हणाला. "तुला काही करायला ठेवलंच नाही."

"शंकू कोणी लावले?"

"बेरिलने. दुसरं कोण लावणार?"

झालं मग कल्याण!

शंकू म्हणजे करंगळीएवढ्या मातीच्या टोकदार कांड्या. प्रत्येकीवर नंबर असतो आणि त्या नंबराच्या आचेला ती मान टाकते. नऊ, दहा, अकरा असे तिघे मातीच्या लगद्यात रोवून दाराच्या भोकासमोर ठेवायचे. नऊ वाकला की सावध व्हायचं, दहा लोळला की गॅस बंद करायचा, आणि अकरा ताठ उभा असला पाहिजे, नाहीतर जास्त झालं. तापमापक आहे आमच्याकडे. पण त्याचा काटा मनाला येईल ते सांगतो, म्हणून बेरिलने त्याला किटलीचं लोकरी टोपडं घालून ठेवलंय. काट्याकडे बघताना कोणी सापडलं तर त्याला त्या दिवशी चहा नाही. आणि मंडळाचा नियम एकच, तोही कुठे लिहिलेला नाही. ज्याने शंकू लावले, त्याच्या शब्दावर भट्टी बंद होणार. आत कोणाचं काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. तीस वर्षं बेरिल शंकू लावते, आणि तीस वर्षं बेरिलच्या शब्दावर भट्टी बंद होते.

आणि गेलं वर्षभर बेरिलला दिसत नाही.

अगदी मिट्ट काळोख नाही. कडेकडेचं दिसतं, पण समोर धरलेली वस्तू गायब. माणसाच्या तोंडाच्या जागी म्हणे करडा डाग. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या मुलीने, जिलियनने सांगितलं, तेही फोनवर रडत. बेरिल कशाला सांगेल? गाडी विकली, म्हणाली पेट्रोल परवडत नाही. भट्टीच्या भोकाशी आम्हाला पुढे करायची, "नोला, बघ गं, काय दिसतंय? बघू तुला कळतं का." जशी काही ती आमची परीक्षाच घेत होती. आम्ही सांगायचो, ती मान हलवून म्हणायची, "बरोबर."

मग मी काय करायचे? तिने शंकू रोवून फळीवर वाळत ठेवले आणि ती घरी गेली की मी ते बघायचे. कधी नंबर उलटसुलट, कधी एक भलत्याच बाजूला कललेला. नवा लगदा घ्यायचा, नीट रोवायचे, आणि तिच्यासारखाच बाजूला अंगठ्याचा ठसा उठवायचा. मला त्याची लाज नाही. आजही नाही. अठरा जणांची भांडी असतात त्या भट्टीत.

पण शुक्रवारी मी नव्हते. आणि या खेपेला शंकू नीट असणं जितकं गरजेचं होतं तितकं कधीच नव्हतं, कारण आत क्लेमची बरणी होती.

क्लेम म्हणजे बेरिलचा नवरा. रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. वारला त्याला दोन वर्षं झाली, आणि ही दोन वर्षं त्याची राख स्मशानवाल्यांनी दिलेल्या राखाडी प्लास्टिकच्या डब्यात बेरिलच्या फ्रिजवर बसून होती. केळ्यांच्या टोपलीशेजारी. कारण बेरिलला त्याच्यासाठी बरणी करायची होती, आणि कुठलीच तिच्या मनाला येत नव्हती. एकीची मान जाड, एकीची झिलई उतू गेली. तीन बरण्या तिने शेडमागच्या दगडावर आपटून फोडल्या. ही चौथी. गुडघ्यापर्यंत येईल एवढी, खांदे असे, की मी चाळीस वर्षं मातीत हात घालतेय पण मला तशी ओढता येणार नाही. तिने ती निव्वळ बोटांनी केली. वरून लाकडाच्या राखेची झिलई, जी दहा नंबरला मधासारखी ओघळते आणि त्याच्या खाली नुसती सुकलेल्या चिखलासारखी दिसते. सोमवारी जिलियन येऊन तिला ॲडलेडला नेणार होती, म्हाताऱ्यांच्या घरात. तिथे कसली भट्टी आलीय! परत भाजता येतं, हो, येतं. पण आठवडा लागतो, आणि एवढं मोठं भांडं दुसऱ्या आचेला हमखास तडकतं.

म्हणजे जे काय व्हायचं ते या एकाच खेपेत.

दार फोडून शंकू बघावेत असं मनात आलं. पण कारण काय सांगणार? बेरिल तिथेच स्टुलावर बसून फळांचा केक खात होती. शेवटी मनाची समजूत घातली की एक नंबर इकडेतिकडे असेल, भट्टीच्या रंगावरून मी सावरून घेईन.

शनिवारी सकाळी धुकं असतानाच बर्नर पेटवले. बेरिलने क्लेमचं जुनं जाकीट घातलं होतं आणि ती खुर्ची टाकून भट्टीच्या आवाजाकडे कान देऊन बसली. दुपारचं जेवण झालं. म्हणजे त्यांचं झालं, मी सूप पीत होते. तेवढ्यात वॉरिक काळा चष्मा लावून भोकाशी वाकला आणि ओरडला, "पडला! मधला पडला!"

"पडला?" बेरिल उठली. "तिसरा कसा आहे?"

"थोडा झुकायला लागलाय."

"मग घड्याळ काय बघताय? गॅस बंद."

"थांब," मी म्हटलं.

"थांब काय? मधला लोळलाय."

"अगं, इतक्या लवकर? दहा नंबर लोळेपर्यंत आपल्याला संध्याकाळचा चहा होतो."

"आज वारा नाही. चढली लवकर. वॉरिक, गॅसच्या कॉककडे जा."

मी वॉरिकला बाजूला ढकललं आणि भोकाला डोळा लावला. तिघेही दिसत होते. मधला आडवा, पहिला तर वितळून पसरलेला. पण आतला रंग! दहाला भट्टी पांढरी होते, काळ्या चष्म्यातूनसुद्धा डोळ्यांत पाणी येतं. ही पिवळी होती, संत्र्याच्या सालीकडे झुकलेली. बरणीचा खांदा तिथेच मागे दिसत होता, कोरडा ठक्क. झिलई हललीसुद्धा नव्हती. मी सरळ तापमापकावरचं टोपडं उचललं. बाराशेवीस. काटा खोटं बोलतो, पण इतकं नाही बोलत.

"टोपडं काढलंस?" बेरिल गरजली. कान मात्र असे तिखट! "नोला, तू काटा बघितलास? लाज नाही वाटत? या वयात?"

मी तडक आतल्या खोलीत शंकूंच्या फळ्यांकडे गेले. आणि काय सांगू, तळपायाची आग मस्तकाला गेली. तीस वर्षं त्या फळ्यांवर कमरेच्या उंचीला नऊ, दहा, अकराचे डबे असायचे, कारण तेच लागतात. बाकीचे नंबर वर-खाली कुठेही धूळ खात. आता सगळे डबे ओळीने, एकपासून, वाण्याच्या दुकानासारखे. कमरेच्या उंचीला पाच, सहा, सात. ते उघडलेले. दहाचा नवा डबा पार वर, आणि त्याच्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. प्रत्येक डब्याला मशीनवर छापलेलं लेबल.

"वॉरिक!" माझ्या हिरडीला टाके होते, तरी तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "ही फळी कोणी लावली?"

"मी," तो दारात येऊन म्हणाला. वर खूश होऊन. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, विकलं, आणि तेव्हापासून त्याला जगातली प्रत्येक फळी नीट लावायची आहे. "गुरुवारी बसलो. किती पसारा होता!"

"पसारा? अरे शहाण्या, तुला कोणी बोलावलं होतं? तीस वर्षं ज्या जागी हात जातो तिथून डबा उचलायचा, तर आता काय कंदील घेऊन शोधत फिरायचं का तो कुठे गेला ते?"

"पण मी लेबलं लावली आहेत! मोठ्या अक्षरांत!"

मागे बेरिल येऊन उभी होती. "कसली लेबलं?"

बाहेर बर्नर घोंघावत होते.

"सहा नंबर घेतलास तू, बेरिल," मी म्हटलं. आडवळणाने बोलायला मला कधी आलंच नाही. "पाच, सहा, सात लावलेत. दहाचा डबा उघडलेलाच नाही. भट्टी अजून कच्ची आहे. दोन-तीन तास चालवू, मी रंगावर बघते, काही बिघडलेलं नाही."

खरंच काही बिघडलेलं नव्हतं. तिथेच मिटलं असतं. ती चिडली असती, वॉरिकला फाडून खाल्लं असतं, मी भट्टी चालवली असती आणि सोमवारी बरणी मधासारखी निघाली असती. पण वॉरिकला गप्प बसवेल तर तो वॉरिक कसला! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"पण नोला, तू दर वेळी तिचे शंकू बदलतेस ना? मला वाटलं या वेळीही..."

त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण वाक्य अर्धंच राहिलं. हातात सूपचा मग होता, तो त्याच्या डोक्यात घालायचा राहिला एवढंच.

"दर वेळी?" बेरिल म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"गेल्या ईस्टरपासून."

"प्रत्येक भट्टीला?"

"चूक असेल तेव्हा. म्हणजे प्रत्येकच."

ती मटकन बसली, सहा नंबरच्या फळीखालच्या मातीच्या पोत्यावर. मला वाटलं रडेल. बेरिल आणि रडेल! तिच्या मानेवरची शीर तटतटून फुगली.

"म्हणजे वर्षभर मी एकही भट्टी लावली नाही," ती म्हणाली. "तू लावलीस. आणि मी इथे खुर्ची टाकून 'बंद करा, बंद करा' म्हणत बसले. आणि तुम्ही सगळे माना डोलवत होता. केवढी करमणूक झाली असेल!"

"कोणी हसलं नाही तुला."

"हसला असता तर बरं होतं! तोंडावर का नाही सांगितलंस? 'बेरिल, तू आंधळी झालीस, शंकू ठेव खाली.' चार शब्द!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! भांडले असते! भांडायला काय धाड भरली होती तुला? तीस वर्षं दुसरं काय केलंय आपण?" ती उठून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे नाही, जरा बाजूला बघत ओरडायला लागली, तसंच बघावं लागतं तिला. "वर्षभर तू माझ्याशी एकदा भांडली नाहीस. एकदाही नाही. मी म्हणेन त्याला 'हो बेरिल'. मला वाटलं, नोलाचं आता संपत आलं. मी जिलियनला म्हटलं, नोलाकडे लक्ष ठेव, ती फार गोड वागायला लागलीय. आणि तू माझी कीव करत होतीस? तू? माझी?"

"कीव नाही, मेले! भांडी वाचवत होते! लोकांची भांडी!"

"खोटं बोलू नकोस. भांड्यांसाठी असतं तर पहिल्याच दिवशी शेड डोक्यावर घेतली असतीस."

माझा राग दुप्पट झाला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी म्हटलं, "बरं, केली कीव. केली! तुझा नवरा गेला, तुझे डोळे गेले, आणि आता तू पण चाललीस त्या मेल्या ॲडलेडला, केली असेल थोडी कीव! पोलिसांत दे मला!"

तिने चाचपडून आपली काठी हातात घेतली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गॅस बंद कर."

"काय?"

"शंकू मी लावलेत. या वेळी तुझा हात लागलेला नाही. मधला पडलाय. गॅस बंद कर."

"बेरिल, मधला सहा आहे. क्लेमची बरणी आहे आत!"

"मला माहीत आहे आत काय आहे. मीच ठेवलीय."

"चिखल निघेल. ऐक माझं. हवं तर तू म्हण बंद करायला, मी फक्त वेळ सांगते..."

"पुन्हा तेच! पुन्हा तेच करतेयस!" तिने हातातली काठी जमिनीवर आपटली. "शंकू कोणाचे आहेत, नोला?"

"तुझे."

"मग?"

वॉरिक मधे घुसला. "एक मिनिट, एक मिनिट. माझे चोवीस वाडगे आहेत आत. मुलीच्या लग्नाचे. सहा नंबरला ते... नियम नियम म्हणून काय, इथे अक्कल नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

खरं सांगते, तो म्हणत होता ते शब्दन् शब्द माझ्या मनातलं होतं. तरीही मी त्याच्याआधी भट्टीशी गेले आणि कॉक बंद केला. भट्टीचा आवाज एकदम थांबला, कानांना बधिर करणारी शांतता. धुराड्याची झडप ढकलली. वॉरिक हात पुढे करून आला, तशी मी बेरिलची खुर्ची ओढून कॉकच्या समोर टाकली आणि त्यावर बसले.

"बाजूला हो, नोला. तुला माहीत आहे हे चूक आहे."

"अगदी चूक आहे. हात तर लाव."

"तुझीसुद्धा फुलदाणी आहे आत!"

"जळो ती फुलदाणी. कच्ची राहो! तुझे वाडगे पुढच्या आठवड्यात परत भाज, कोणी अडवलंय? पण आज या कॉकला बोट लावलंस ना वॉरिक, तर या गालासारखा तुझा गाल करून देईन."

भट्टी गार पडायला लागेपर्यंत मी तिथून हलले नाही. बेरिल तिकडे पाठ करून बसली होती. तिला घरी सोडायला मीच गेले, कारण दुसरं कोणी नव्हतं, आणि गाडीतही बोललो नाही. घरी आल्यावर मी उशी तोंडावर घेऊन रडले. रागाने रडले. बरणीसाठी, आणि बेरिल जाणार म्हणून, आणि दाढेची जागा दुखत होती म्हणूनही.

सोमवारी सकाळी विटा काढल्या. जिलियनची गाडी बाहेर उभी होती, मागच्या सीटवर बेरिलच्या बॅगा, आणि पुढे बेल्ट लावून क्लेमचा प्लास्टिकचा डबा. सगळं मंडळ जमलं होतं. वॉरिकचे वाडगे आधी निघाले, मळकट, खरखरीत. तो एकेक उचलून फुंकर मारून ठेवत होता, काही बोलला नाही. त्याबद्दल त्याला एक गुण.

मग मी बरणी काढली. अजून कोमट होती. मी ती बेरिलच्या मांडीवर ठेवली.

तिने दोन्ही हात फिरवले. खांद्यावरून, पोटावरून, मानेपाशी. बोटं झिलईवर अडखळत होती, तिथे गुळगुळीत असायला हवं होतं.

"वा, काय मातीचा पोत आलाय," दातवाल्याची बायको म्हणाली. "किती साधी, किती..."

"तू गप गं," बेरिल म्हणाली. "नोला, सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिलियनने डोळ्यांनीच विनवणी केली. तिचे डोळे लाल झाले होते.

"घाण झालीय," मी म्हटलं.

"किती घाण?"

"सुकल्या शेणाचा रंग आहे. झिलई वितळलीच नाही. डाव्या अंगाला पोपडा धरलाय."

"ओघळ?"

"एकही नाही."

"आकार?"

"आकार चांगला आहे." मी बरणीच्या खांद्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "आकार फार चांगला आहे. इथेच ठेव. तडकायची भीती आहे, पण मी दहाला जपून परत भाजते आणि पाठवून देते."

"हात लावायचा नाही. ही मी भाजलीय." ती बरणी छातीशी धरून उठली. "क्लेमने चव्वेचाळीस वर्षं माझ्या हातचं कच्चं-करपलेलं खाल्लं, एकदा तोंड वाकडं केलं नाही. यातही राहील मुकाट."

कोणीतरी हुंदका दिला, बहुतेक वॉरिकने. बेरिलने झाकण बसवून बघितलं, बोटाने कडेभोवती फिरवून पाहिलं.

"झाकण मात्र छान बसलंय," ती म्हणाली.

"वाकडं बसलंय," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"वाकडं. एका बाजूने उचललंय."

"काही वाकडं नाही. माझी बोटं सांगतायत."

"तुझ्या बोटांना काय कळतंय? मला दिसतंय ना समोर!"

"दाढेबरोबर अक्कलही उपटून दिलीस का गं? जन्मात एक झाकण तुला धड करता आलं नाही आणि मला शिकवतेस?"

"मला? अगं माझ्या चहादाण्या मेलबर्नला विकल्या जातात!"

"गळतात म्हणून परत येतात त्या!"

जिलियनने तिला धरून गाडीत बसवलं, बेल्ट लावला, बरणी मांडीवर, क्लेम पायाशी. गाडी सुरू केली तरी बेरिलची काच खालीच. रस्त्याच्या वळणापर्यंत ती मान बाहेर काढून ओरडत होती, की झाकण सरळ आहे, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून, गालावर हात दाबून, जीव तोडून ओरडत होते की वाकडं आहे. वाकडंच होतं मेलं.